न्हाणीघराचा जमाखर्च

जुन्या घराचें वर्णन करावयास बसलें म्हणजे लोक दिंडीदरवाजा सांगतात, ओसरी सांगतात, माजघर, देवघर आणि असला तर दिवाणखानाहि सांगतात; न्हाणीघराचें नांव मात्र शेवटीं, आणि तेंहि विचारल्यावर निघतें. घर बांधतांनाहि क्रम बहुधा हाच असे. पैसा आधीं दर्शनी भागावर खर्ची पडावयाचा आणि उरल्या दगडाची, उरल्या चुन्याची न्हाणी मागील परसांत उभी राहावयाची. आज एखादें कुटुंब जुनें न्हाणीघर मोडून नवें करावयास निघतें तेव्हां हा क्रम पालटल्यासारखा वाटतो, कारण न्हाणीघरावर आतां माणसें हौसेनें पैसा खर्च करतात. परंतु त्या हौसेचा पहिला फेरा दुकानाकडे, फरशीचे नमुने पाहण्याकडेच वळतो. अंदाजपत्रकाची पहिली ओळ फरशीची, दुसरी चकचकीत तोट्यांची, तिसरी आरशाची. त्या फरशीखालून पाणी कोणत्या वाटेनें बाहेर पडणार, ही ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत सांपडतच नाहीं. आणि दोन वर्षांनीं शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल चढली म्हणजे ती नव्या खर्चाच्या रूपानें प्रकट होते.

पाणी आणण्याची चिंता आणि पाणी घालविण्याची चिंता, या दोहोंपैकीं पहिली मनुष्य आधीं वाहतो आणि दुसरी नुकसान झाल्यावर, असें न्हाणीघराचा इतिहास पाहतां दिसून येतें. तो पाहण्यास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यासारखें ठिकाण नाहीं. कारण एका न्हाणीघरांत जें घडतें तेंच येथें साऱ्या खोऱ्यांत घडून गेलें आहे.

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर निमगांव केतकी हें गांव लागतें. पावसाचें मान येथें तुटपुंजें. सह्याद्रीवर कोसळणारे ढग येथवर येतां येतां रिते होतात. असें असूनहि हें गांव प्रसिद्ध आहे तें नागवेलीच्या पानमळ्यांसाठीं. नागवेल ही मोठी मानी वेल. तिला पाणी थोडें पण वरचेवर हवें असतें, आणि दिलेलें पाणी मुळांशीं साचून राहिलेलें तिला मुळींच खपत नाहीं. पाणी साचलें कीं मूळ कुजतें, आणि शेवरी-पांगाऱ्यावर चढविलेली हिरवीगार वेल पाहतां पाहतां मान टाकते. म्हणून पानमळेवाला पाणी देण्याच्या पाटाची जितकी निगा राखतो तितकीच निचऱ्याच्या चराचीहि राखतो. हें द्विविध शास्त्र त्याला कोणीं पुस्तकांतून शिकविलेलें नाहीं. पिढ्यान् पिढ्या वेलींनींच तें शिकविलें. नवल एवढेंच कीं, हाच जाणता मनुष्य घरीं न्हाणीघर बांधूं लागला म्हणजे मळ्यांतला धडा उंबरठ्याबाहेर ठेवून आंत येतो.

या टापूंतील जुन्या घराची न्हाणी म्हणजे परसांत एक घडीव दगड, त्याला लागून हातभर उंचीची भिंत, आणि बाईमाणसांसाठीं तुराट्यांचा कूड किंवा लुगड्याचा आडोसा. शेजारीं चुलवण, त्यांत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळून हंड्यांत पाणी तापावयाचें. पुढें सुखवस्तु घरांत तांब्याचा बंब आला, आणि सकाळीं बंब पेटविणें हें घरांतल्या एखाद्या मुलाचें ठरीव काम होऊन बसलें. पाणी विहिरीवरून डोक्यावर येई. म्हणून एका माणसाच्या वांट्यास एक घंगाळ, फार तर दीड. दगडावरून ओघळलेलें पाणी लहानशा पन्हाळीनें केळीच्या किंवा अळवाच्या वाफ्यांत जाई. साबणाचा वापर नसे. शिकेकाई, डाळीचें पीठ, सणावारीं उटणें. अशा पाण्यानें केळ जळत नसे, उलट फोफावत असे. पाणी मोजकें आणि तें पिणारीं झाडें दाराशींच. त्यामुळें निचऱ्याचा प्रश्न त्या न्हाणीपुढें उभाच राहिला नाहीं. खर्चाच्या वहींत न्हाणीचें पान कोरें असे, आणि आजचे लोक त्या स्वस्ताईचें कौतुक करतात.

तें कौतुक मात्र जपून करावें. कोऱ्या पानावर जो खर्च दिसत नाहीं तो झालेलाच नव्हता, असें मानणें भाबडेपणाचें होईल. घंगाळभर पाण्यामागें कोणा तरी लेकीसुनेची विहिरीपर्यंतची खेप होती. न्हाणी होती तरी शौचासाठीं घरांत सोय नव्हती. बायकांनीं पहांटेच्या अंधारांत जावें, नाहीं तर रात्र पडेपर्यंत कळ सोसावी, हा खर्चहि कोणीं मांडला नाहीं. शहरांतील वाड्यांत शौचकूप असत, पण ते हातानें साफ करण्याचें काम समाजानें विशिष्ट जातींच्या माथीं मारलेलें होतें. तें काम बेकायदा ठरविणारा पहिला मध्यवर्ती कायदा १९९३ मध्यें आणि त्याहून कडक असा दुसरा २०१३ मध्यें झाला, यावरून ती रक्कम किती काळ दुसऱ्यांच्या खात्यावर चढत राहिली याची कल्पना करावी.

आधीं पाण्याचा विचार आणि मग बांधकाम, ही शिस्त मराठी मुलखाला अपरिचित होती असें मात्र नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत गड बांधण्याच्या प्रकरणीं प्रथम पाणी पाहण्यास सांगितलें आहे. पाणी नसेल आणि जागा तर सोडतां येण्यासारखी नसेल, तर आधीं खडक फोडून टांकीं बांधावीं, मग गडाला हात घालावा. एवढ्यावरहि अमात्य थांबत नाहींत. एकाच झऱ्यावर विसंबून न राहतां जादा पाण्याचा सांठा करून ठेवावा, असा त्यांचा आग्रह आहे. कारण युद्धप्रसंगीं तोफांच्या हादऱ्यानें झरे आटण्याचा संभव असतो. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही अंदाजपत्रकांतील अनपेक्षित खर्चाची तरतूदच होय. रायगडावर राणीवशाच्या दालनांना जोडून बांधलेले दगडी शौचकूप आजहि पाहावयास मिळतात. डोंगराच्या माथ्यावर, वेढ्याच्या धास्तींत राहणाऱ्या लोकांनीं जी सोय दालनालगत केली, ती खालच्या सपाटीवरील घरांत यावयास तीनशें वर्षें लागलीं.

गडावर पाणी दुर्मिळ म्हणून त्याचा हिशेब कसोशीनें ठेवला गेला. पाणी उदंड आलें म्हणजे काय होतें, याचा अनुभव मात्र बारामती-इंदापूरच्या भागानें घेतला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत लोकांच्या हातांना काम द्यावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें आणि १८८५ च्या सुमारास कालवा वाहता झाला. ज्या शिवारांत आभाळाकडे डोळे लावून बाजरी पेरावयाची, तेथें ऊंस डोलूं लागला. कालव्याची आंखणी उत्तम, बांधकाम उत्तम. परंतु शेताला पाजलेलें पाणी शेतांतून जाणार कोठें, याची आंखणी त्या नकाशावर नव्हती. काळी माती पाणी धरून ठेवणारी. वर्षानुवर्षें मुरलेल्या पाण्यानें जमिनीखालील पाण्याची पातळी वर वर चढत गेली, तिच्याबरोबर मातींतले क्षार वर आले, आणि उन्हानें पाणी उडून गेल्यावर शेताच्या पाठीवर पांढरी खार तेवढी उरली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींची पाहणी करून १९१० मध्यें आपली पुस्तिका सरकारी शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. पाणी वाहूं लागून तेव्हां पुरीं तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. पुढें चर खणून निचरा करण्याचे उपाय सुरू झाले खरे, पण ते जमीन बिघडल्यानंतर; आणि बिघडलेली जमीन सुधारण्यास लागणारा पैसा हा आधीं चर खणण्यास लागला असता त्याहून नेहमींच अधिक असतो.

त्याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं एक शहाणपणाचा प्रयोगहि झाला. पुण्यास एक्झिक्युटिव्ह इंजिनियर असलेल्या विश्वेश्वरय्यांनीं ब्लॉक पद्धति काढली. शेतकऱ्याला कांहीं वर्षांपुरती पाण्याची हमी द्यावयाची. परंतु त्यानें ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या सुमारें एक तृतीयांश भागांतच ऊंस घ्यावयाचा आणि उरलेल्या भागांत कमी पाण्याचीं पिकें घ्यावयाचीं, हें तिचें सूत्र होतें. पाण्याचें अंदाजपत्रक म्हणतात तें हेंच. हातीं किती आहे हें आधीं ठरवावें, आणि मग त्यांत काय बसतें तें पाहावें. इच्छा आधीं आणि रक्कम मागाहून, असा उलटा व्यवहार त्यांत नव्हता.

शहरांची कथा याहून निराळी नाहीं. पुण्यांत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळांतून हौदांपर्यंत आलें. १८७९ मध्यें खडकवासल्याचें धरण पुरें झालें. भुयारी गटारें मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० मध्यें पोंचलें, पण सांडपाणी नेण्याची समाधानकारक व्यवस्था व्हावयास आणखी कित्येक दशकें जावीं लागलीं. ज्यांच्याकडून ही विद्या आपण घेतली त्या लंडनकरांनीं तरी काय केलें? घरोघर पाण्याचे शौचकूप बसविले, पूर्वीचे मैल्याचे खड्डे त्या पाण्यानें भरून वाहूं लागले, म्हणून तें सर्व थेट टेम्स नदींत सोडलें; आणि १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीची दुर्गंधि पार्लमेंटच्या सभागृहांत शिरली तेव्हां कोठें बॅझलजेट नांवाच्या इंजिनियरच्या योजनेला पैसे मंजूर झाले. दुर्गंधि राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत जाईतों थांबण्याची ही रीत केवळ हिंदुस्थानची नव्हे, एवढेंच यावरून दिसतें.

घरांत शौचकूप आणणें शक्य झालें तें एका लहानशा वांकणामुळें. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ मध्यें शौचकूपाच्या ज्या रचनेचें पेटंट घेतलें, तींत नळी खालीं वांकवून पुन्हां वर घेतलेली होती. त्या वांकांत थोडें पाणी कायम उभें राहतें आणि तेंच गटारांतील दुर्गंधीला आडवें येतें. दोन इंच उभें पाणी! त्यानें जें काम केलें तें संगमरवरी भिंतींनाहि करतां आलें नसतें. न्हाणीघराच्या जमिनींत बसवावयाच्या अशाच सापळ्याला आपल्याकडील इंग्रजी स्थापत्यग्रंथांतून ‘नहाणी ट्रॅप’ असें नांव आहे. सबंध हिंदुस्थानांतले प्लंबर हा शब्द उच्चारतात. तो मराठी न्हाणीवरून आला हें त्यांच्या गांवींहि नसतें. आपल्या भाषेनें जगाच्या स्थापत्यशास्त्राला शब्द दिला तो नेमका निचऱ्याच्या वस्तूचा, याचें मराठी माणसाला थोडें अगत्य वाटण्यास हरकत नाहीं.

निमगांव केतकीशीं या इतिहासाचा आणखी एक धागा जुळतो, आणि तो पंढरीच्या वाटेनें येतो. दर आषाढींत देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढें येतांना या गांवीं मुक्काम करते. एका रात्रींत गांवाच्या कैक पटींनीं माणसें उतरतात. वारकऱ्याला अंघोळीचें पाणी देणें हें पुण्य समजून दारें उघडीं ठेवलीं जातात. अलीकडच्या वर्षांत पालखीमार्गावर फिरतीं शौचालयें उभीं केलीं जाऊं लागलीं आहेत. त्यापूर्वीं पालखी पुढें गेल्यावर मुक्कामाच्या गांवाची काय अवस्था होई, तें वयस्कर माणसांना ठाऊक आहे. ही पालखी ज्या देहूहून निघते तेथेंच १९६० च्या सुमारास डॉ. मापुसकर हे सरकारी दवाखान्यावर वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. जंताचे, जुलाबाचे रोगी रोज तपासतां तपासतां त्यांना दिसून आलें कीं, या रोगांचें मूळ बाटलींतल्या औषधानें जाणारें नाहीं. त्यांनीं घरोघर शौचालय बांधण्याचा ध्यास घेतला. या कामीं त्यांना कणकवलीचे आप्पासाहेब पटवर्धन यांच्या विचारांचा आणि ‘सोपा संडास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेचा मोठा आधार मिळाला. आप्पासाहेबांनीं कोंकणांत सफाईचें काम स्वतःच्या हातांनीं केलें होतें. त्यामुळें त्यांच्या रचनेंत दुसऱ्या कोणाला हात घालावा लागणार नाहीं, ही काळजी प्रथम होती. १९८० च्या सुमारास देहूंत बहुतेक सर्व घरांत शौचालयें झालीं. वीस वर्षांचा हा उद्योग. डॉक्टरांना २०१७ मध्यें मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देहूचा हा वस्तुपाठ असतांनाहि बाकीचा महाराष्ट्र हलावयास वेळ लागला. संत गाडगेबाबांच्या नांवाचें ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्यें सुरू झालें. २०१४ पासून स्वच्छ भारत योजनेंत ग्रामीण शौचालयास १२,००० रुपयांचें साहाय्य मिळूं लागलें. २०१९ मध्यें घरोघर नळ देण्याची मध्यवर्ती योजना निघाली आणि तिनें माणशीं रोज ५५ लिटर पाणी हें माप ठरविलें. येथें पुन्हां नीरेच्या कालव्याची आठवण होते. पांच माणसांच्या घरांत २७५ लिटर पाणी येणार. इंजिनियर लोक त्यांतील सुमारें ऐंशीं टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतें असें धरतात. म्हणजे २२० लिटर, पंधरा लिटरच्या जवळजवळ पंधरा बादल्या, त्याहि साबणाच्या फेंसासहित, रोज. जुन्या न्हाणीची केळ एवढें पिऊं शकत नाहीं.

आतां निमगांव केतकींतील एखाद्या पानमळेवाल्याचें घर डोळ्यांपुढें आणावें. मूळ घर आजोबांच्या वेळचें, पुढें स्लॅबचें केलेलें. परसांतली न्हाणी आंत आणून तिला शहाबादी फरशी घातलेली, तीहि आतां हललेली. घरांत म्हातारी आई आहे. गेल्या पावसाळ्यांत तिचा पाय त्याच फरशीवरून घसरला, आणि तेव्हांपासून ती अंघोळीला जातांना भिंत धरून जाते. मुलगी शाळेच्या वयाची, सून नवी. द्राक्षा-डाळिंबासारखा पानांचा पैसा एका हंगामांत येत नाहीं. खुडणीगणिक थोडा थोडा येतो. अशा घराला नवें न्हाणीघर हवें आहे आणि गांठीं ठराविक रक्कम आहे. तिचा विनियोग कसा व्हावा?

दुकानांत जाण्यापूर्वीं एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन घरींच बसावें. कोण वापरणार, केव्हां वापरणार, पाणी कोठून येणार, आणि तें बाहेर कोठवर जाणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं. चौथ्या उत्तरासाठीं परसांत जाऊन उभें राहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. गांवांत गटार असेल तर त्याची पातळी घराच्या जोत्याहून किती खालीं आहे तें पाणसळीनें पाहावें. गटार नसेल तर अंघोळीच्या पाण्यासाठीं शोषखड्डा. पण जमीन काळी, चिकण असेल तर शोषखड्डा फारसें पाणी शोषीत नाहीं, हें पानमळेवाल्यास सांगावयाची गरज नसावी. तेथें तें पाणी परसबागेंत खेळविणें बरें, आणि तेथेंहि पाट आणि चर दोन्ही हवेत. शौचालयासाठीं दोन खड्ड्यांची रचना सोईची. एका वेळीं एकच खड्डा वापरावयाचा. तो भरला कीं बंद करून दुसरा सुरू करावयाचा. सुमारें दोन वर्षांत पहिल्यांतील मैल्याचें निर्गंध खत होतें. हे खड्डे विहिरीपासून दूर असावेत. दोन्ही खड्ड्यांचा खर्च एकदमच करावा. एकच खड्डा करून ‘दुसरा पुढें पाहूं’ म्हणणाऱ्याचा दुसरा खड्डा सहसा होत नाहीं, आणि पहिला भरल्यावर तो उपसावयास दुसरा मनुष्य शोधला जातो. म्हणजे जुनें पाप नव्या फरशीखालीं चालूच राहतें.

मग मापें घ्यावीं. खोली आठ फूट लांब आणि पांच फूट रुंद आहे असें धरलें तर जमिनीचें क्षेत्र ४० चौरस फूट. भिंतींचा घेर २६ फूट. सात फूट उंचीपर्यंत फरशी लावली तर १८२ चौरस फूट, त्यांतून अडीच बाय सात फुटांच्या दाराचे साडेसतरा वजा. एकूण बेरीज २०४॥ होते. कापण्यांत आणि फुटण्यांत जाणारा दहावा हिस्सा मिळवून सुमारें २२५ चौरस फूट फरशी लागेल. एवढें गणित घरींच केलेलें असलें म्हणजे दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहावें लागत नाहीं. मोरबीची फरशी स्वस्तांतली घ्यावी कीं महागांतली, हा प्रश्न या आंकड्याला भावानें गुणल्याबरोबर आपोआप सुटावयास लागतो. चौरस फुटाला वीस रुपयांचा फरक म्हणजे एकूण साडेचार हजारांचा फरक, आणि तेवढ्यांत भिंतीला आधाराचे दांडे, न घसरणारी जमिनीची फरशी आणि बाहेरच्या बाजूस उघडणारें दार या तिन्ही गोष्टींचा बराचसा भार निघूं शकतो. दार बाहेर उघडणारें असावें, याचें कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आंत कोणी पडलें तर त्या माणसाच्या अंगावर दार रेटण्याची पाळी येऊं नये, हें तें कारण.

रकमेचे तीन भाग करावेत. पहिला फरशीखालच्या कामाचा: जुनें खोदून काढणें, नळ्या, ट्रॅप, विटांच्या तुकड्यांचा कोबा, ओल अडविण्याचें काम, आणि घराबाहेरचे खड्डे. दुसरा दिसणाऱ्या कामाचा: फरशी, तोट्या, भांडें, दार, खिडकी, दिवा. तिसरा हात न लावावयाचा. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा तरी तो असावा, आणि घर जुनें असेल तर त्याहून अधिक. भिंत फोडल्यावर आंत काय निघेल हें कोणींहि आधीं सांगूं शकत नाहीं. अमात्यांचीं जादा पाण्याचीं टांकीं तीं हींच. रक्कम कमी पडली तर काटछांट दुसऱ्या भागांत करावी. आरसा पुढल्या दिवाळीला येऊं शकतो, तोटी दोन वर्षांनीं बदलतां येते; कोब्याखालची नळी बदलावयाची तर सगळी फरशी पुन्हां फोडावी लागते. पाणी तापविण्याचें विजेचें यंत्र बसवावयाचें असल्यास त्याची जमिनीशीं जोडणी आणि गळतीचा प्रवाह तोडणारा खटका हीं मात्र पहिल्या भागांत धरावीं. ओल्या जागेंत वीज आणि काटकसर यांची गांठ घालूं नये.

गवंड्याला काम उक्तें द्यावें कीं रोजंदारीवर, हा वाद जुना आहे. फोडणें आणि खोदणें रोजंदारीवर बरें, कारण त्याचा अंदाज कोणालाच नसतो. फरशी लावणें चौरस फुटाच्या भावानें. आणि ओल अडविण्याचें काम उक्तें, पण पैसे परीक्षा झाल्यावर. क्रमहि ठरवून ठेवावा: आधीं प्लंबर, मग कोबा, मग विजेच्या नळ्या, शेवटीं फरशीवाला. हे चौघे एकमेकांची वाट पाहत बसले तर रोजाचा खर्च वाढतो आणि त्या पंधरा-वीस दिवसांत घरच्या माणसांनीं अंघोळ कोठें करावयाची हाहि प्रश्न असतोच. आई शेजारच्या घरीं जाणार असेल तर शेजाऱ्यांशीं आधीं बोलावें; काम पालखीच्या आधीं उरकावयाचें असेल तर निदान दोन महिने आधीं हात घालावा.

उतार फुटाला पाव इंच धरावा. आठ फुटांच्या लांबींत तो दोन इंच होतो. म्हणून ट्रॅप दाराच्या विरुद्ध कोपऱ्यांत असेल तर दाराशीं जमीन दोन इंच उंच येणार, आणि तरीहि ती खोलीच्या जमिनीहून थोडी खालीं राहिली पाहिजे. हें फरशी लावतांना ठरवूं म्हणून चालत नाहीं; ट्रॅपचें तोंड कोणत्या पातळीला बसवावयाचें तें कोब्याच्या आधीं ठरावें लागतें. आईसाठीं उंबरठा नको असेल तर तेंहि याच वेळीं सांगावें.

कोबा वाळल्यावर ट्रॅपचें तोंड कापडाच्या बोळ्यानें घट्ट बंद करावें, दाराशीं सिमेंटची लहानशी वरंब घालावी आणि सगळ्या जमिनीवर दोन इंच पाणी भरून ठेवावें. पाण्याच्या पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीनें करावी. अठ्ठेचाळीस तास कोणींहि आंत जाऊं नये. दोन दिवसांनीं खूण पाहावी, शेजारच्या खोलीची भिंत आणि खालचा जोता हातानें चांचपून पाहावा. हवेनें उडालें त्याहून पाणी अधिक उतरलें असेल किंवा भिंत गार लागत असेल तर गवंड्याला परत बोलवावें. सगळें कोरडें असलें तर बोळा काढावा, पाणी किती वेळांत निघून जातें तें घड्याळ लावून पाहावें, कोणत्या कोपऱ्यांत थारोळें उरतें तें पाहावें, आणि मग फरशीवाल्यास निरोप धाडावा.